उगवत्यावर पाय नको

जुलै लागला की आमच्या सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीतल्या तरुण आया मला हमखास विचारतात, "आजी, शाळेला सुट्टी पडलीये, पाऊस थांबायचं नाव घेत नाही, दिवसभर घरात पोरांना करायला द्यायचं तरी काय?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होते, तेव्हा माझ्यापाशी खेळांची यादी असणार असं त्यांना वाटतं. यादी आहे, आणि ती मी आनंदानं देतेही. पण या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि तो मला धर्माचा वाटतो. पावसात घरी थांबावं लागणं ही निव्वळ अडचण आहे, की त्यात काही व्रत आहे?

आपल्या मातीतल्या तिन्ही जुन्या परंपरांनी ते व्रत मानलं. आषाढी एकादशीला देव निजतो आणि कार्तिकीला उठतो. तेवढे चार महिने संन्याशानं एका जागी राहायचं. जैन साधू-साध्वी एरवी सतत पायी विहार करतात, पण चातुर्मासात एकाच गावी मुक्काम करतात. बौद्ध भिक्खूंचा वर्षावास तीन महिन्यांचा. त्याची हकिकत विनयपिटकात आली आहे. पाखरंसुद्धा पावसाळ्यात घरटं करून राहतात आणि हे श्रमण मात्र हिरवं गवत आणि बारीक जीव तुडवत हिंडतात, अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा बुद्धांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घातला. आपल्या मावळातल्या भाज्याच्या आणि कार्ल्याच्या लेण्यांत कातळातच कोरलेल्या खोल्या आणि दगडी ओटे आहेत. बाहेर सह्याद्रीचा पाऊस कोसळत असताना भिक्खू तिथंच राहत असतील.

या नियमामागचं कारण मला फार मोलाचं वाटतं. माणूस भिजेल, आजारी पडेल, वाट चुकेल, असा विचार त्यात आधी आलेला नाही. आधी विचार आला तो पायाखालच्याचा. जमीन उगवत असते, तिच्या अंगावरून आपण सारखं चालत राहू नये.

आता यावर माझ्या माहेरचं कुणीही म्हणेल की हे साधूंना ठीक आहे, आम्हाला कुठलं थांबणं! माझं माहेर गुंजवणे, राजगडाच्या पायथ्याचं. बारा मावळांतलं आमचं गुंजण मावळ. तिथं चातुर्मास म्हणजे वर्षातला सगळ्यात राबणुकीचा काळ. तरण्या पावसात, म्हणजे पुनर्वसू नक्षत्रात, खाचरं चिखलून भाताची लावणी धरायची. इरलं नाहीतर घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन बाया दिवसभर चिखलात ओणव्या. पोरं घरी बसत नसत. तीही बांधावर असत, तरव्याच्या मुठी पुढं करत. माझा बाप कशावरून सहसा ओरडत नसे. पण कुणाचा पाय तरव्याच्या वाफ्यात पडला की त्याचा आवाज पार पलीकडच्या शिवारात जाई. आम्ही बांधानं चालायचं, कितीही घसरडा असला तरी बांधानंच.

म्हणजे शेतकरी थांबत नव्हता, पण भिक्खूला जे कळलं होतं तेच त्यालाही कळलं होतं: या दिवसांत जे उगवतंय त्यावर पाय द्यायचा नाही. चातुर्मासाचं मर्म मी हेच मानते. आणि घरात उगवतंय कोण, तर पोर. म्हणून पावसाळी दिवसाचा प्रश्न मला असा मांडावासा वाटतो: पोराचा वेळ भरून काढण्याच्या घाईत आपण काही तुडवत तर नाही ना?

शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या गुंजवण्यात येतात. चोर दरवाज्याच्या वाटेनं गडावर जाणाऱ्या माणसांची रांग लागते, त्यात चिमुरडी पोरंही असतात. जुलै २०२५ मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, याचा मला अभिमान आहे. गड मुलांनी बघावाच. दिवाळीनंतर बघावा, वाट कोरडी असताना, पद्मावतीच्या तळ्याकाठी बसून शिदोरी सोडून. पण भर पावसात येणाऱ्या कितीतरी आईबापांच्या तोंडून मी ऐकते, "घरी बसून करणार काय?" ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातली माणसं वाहून गेली. त्यांत लहान मुलं होती. ते दुःख मोठं आहे आणि त्या माणसांना बोल लावायचा माझा हेतू नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की घरात थांबता येणं ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि ती आम्ही मोठ्यांनीच शिकवायची आहे.

त्याच वर्षी २५ जुलैला पुण्यात शाळा बंद होत्या. खडकवासल्याचं पाणी सोडलं होतं आणि आमच्या जवळच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरलं होतं. आमच्याकडे पाणी आलं नाही, पण वीज गेली. लेक आणि सून पूरग्रस्तांच्या मदतीला खाली गेले. नातू आणि नात माझ्यापाशी. टीव्ही नाही, मोबाइल उतरलेला. स्वयंपाकघरात फडक्यात बांधलेल्या कडव्या वालांना मोड आले होते. ते कोमट पाण्यात टाकून मी परात दोघांच्या मध्ये ठेवली.

डाळिंब्या सोलणं दिसतं सोपं. दाणा चिमटीत धरून हलकेच दाबला की सालातून अलगद निसटतो. जोर जास्त झाला की त्याची दोन दळं होतात आणि मोड तुटून बोटाला चिकटतो. नातवाची पहिली मूठभर डाळिंबी सगळी मोडली. तो चिडला, उठून गेला, खिडकीपाशी उभा राहिला. मी हाक मारली नाही. बऱ्याच वेळानं आपणच परत आला आणि नातीची बोटं बघत बसला. मग एक दाणा धरला. अख्खा निघाला. तो खिडकीपाशी असताना मी त्याला दुसरा खेळ काढून दिला असता, तर हे घडलं नसतं.

दुपारी फरशीवर खडूनं पाच बाय पाच घरं आखून चल्लसआठ मांडला. चार कवड्या उताण्या पडल्या की चार, चारही पालथ्या पडल्या की आठ. दोघं कडाकडा भांडली, सोंगटी मेली की नाही यावरून. चार भिंतींत कोंडलेली भावंडं भांडणारच. साधूंचीही मनं एकत्र राहून दुखावत असणार. म्हणून तर वर्षावासाच्या अखेरीस भिक्खू एकमेकांसमोर बसून विचारतात की माझं काही चुकलेलं दिसलं, ऐकलं असेल तर सांगा. जैनांच्या पर्युषणाचा शेवटही एकमेकांची क्षमा मागण्यात होतो. एका छपराखाली राहण्याचं शिक्षण तिथं पुरं होतं. आमच्याकडे रात्री निजण्याआधी दोघांनी एकमेकांना विचारायचं, तुला माझं काय लागलं.

श्रावणाला अवकाश होता, तरी मी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी सांगितली. राजानं महादेवाचा गाभारा दुधानं भरायचं मनात आणलं. गावातलं सगळं दूध देवळात आणायचा हुकूम सुटला. पोरं उपाशी, वासरं उपाशी, सगळं दूध ओतलं, तरी गाभारा भरेना. मग एक म्हातारी आली. तिनं घरची पोरं जेवू घातली, वासरांना पाजलं, आणि उरलेलं खुलभर दूध आणून देवाला वाहिलं. गाभारा भरला. नातीनं विचारलं, "राजा वाईट होता का?" नव्हता. त्याला देवासाठी चांगलंच करायचं होतं. फक्त वाढणाऱ्या जिवांना काय हवंय ते त्यानं पाहिलं नाही, आणि देवाला तेच आधी हवं होतं.

नातवाचा प्रश्न त्याहून अवघड होता. "देव चार महिने झोपतो, मग भात कोण उगवतं?" मी जन्मभर एकादश्या केल्या, पण हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. देव निजलेला असतो त्याच महिन्यांत सगळं उगवतं. ज्या लोकांनी देवाला नेमक्या या दिवसांत झोपवलं, त्यांच्या श्रद्धेतला हा भाग मला आज सगळ्यात खोल वाटतो. बी पेरलं, पाणी आलं, राखण आहे; आता ज्याचं त्याला वाढू द्यावं, देवानंसुद्धा.

कुणी म्हणेल, घरात आजी आहे म्हणून हे जमतं. दोन खोल्यांत आई लॅपटॉपवर मीटिंगमध्ये आणि पोर कमरेला चिकटलेलं, तिनं काय करावं? तिला मी सांगते की बाई, तू करमणूक करू नकोस. घरातलं एक खरं काम त्याच्या हाती दे, शेंगा सोल, कपड्यांच्या घड्या घाल, तांदूळ निवड. तांदूळ निवडताना एवढं सांग की हा लावणाऱ्या बाया आत्ता पावसात ओणव्या आहेत. मग ते कंटाळलं तर कंटाळू दे. पोर कंटाळलं म्हणजे आपण कमी पडलो, असं मानायचं कारण नाही.

चातुर्मासात आपल्याकडे काहीतरी सोडायची रीत आहे. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण. लहान पोरांच्या आईबापांनी या चार महिन्यांपुरती एक गोष्ट सोडावी: पोराच्या प्रत्येक रिकाम्या तासाची आपण व्यवस्था लावणं. वांगं सोडण्यापेक्षा हा नेम कितीतरी अवघड आहे. दर दुपारी तो मोडायचा मोह होईल, कारण पोर खिडकीपाशी नुसतं उभं राहिलेलं आपल्याला बघवत नाही. पण तेवढं सोसणं हेच आपलं व्रत आहे, आणि त्याचं पुण्य पोराच्या पदरात पडतं.