सेवा आणि विसावा

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एखाद्या सेवकाचा गौरव करावयाचा झाला म्हणजे, तो चंदनासारखा झिजला, असें आपण सहज म्हणतों. हा गौरव खरा आहे. परंतु त्यांत एक प्रश्न दडलेला आहे व तो आज आम्ही वाचकांपुढें मांडतों. झिजणें हें सेवेचें फळ असेल. पण झिजणें हाच सेवेचा हेतु आहे काय? जो सेवक वेळेवर निजतो, एक दिवस काम बाजूस ठेवतो, तो प्रभूच्या कामांत हयगय करतो काय?

एक पाळक डोळ्यांपुढें आणा. त्याच्याकडे तीन-चार गांवें आहेत. रविवारीं सकाळीं एका गांवीं उपासना, दुपारीं दुसऱ्या. सोमवारीं कोणाचें मयत, मंगळवारीं भाऊबंदकीचा तंटा, बुधवारीं कोणाच्या दाखल्यासाठीं तालुक्याच्या कचेरींत खेटे. रात्रीं अकरा वाजतां मोबाइल वाजतो, तोहि त्यालाच घ्यावा लागतो. प्रथम झोप जाते, मग भूक. आणि एके दिवशीं प्रार्थना करतांना त्याच्या ध्यानांत येतें कीं, तोंडांतून शब्द येत आहेत, मन मात्र तेथें नाहीं. ज्या लोकांवर त्याचें प्रेम होतें, त्यांचें पाऊल दारांत वाजलें तरी त्याला आतां त्रास वाटतो. हें तो कोणास सांगत नाहीं. कारण पाळकानें थकणें म्हणजे विश्वासांत उणें पडणें, अशी त्याची समजूत असते.

ह्या स्थितीचें वर्णन हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर ह्या मानसशास्त्रज्ञानें १९७४ सालीं केलें. न्यूयॉर्क शहरांतील एका मोफत दवाखान्यांत मनोभावें सेवा करणाऱ्या लोकांत त्यानें ती पाहिली होती. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं तिचीं तीन चिन्हें सांगितलीं: शक्ति सरणें, कामाविषयीं मन विटणें, आणि आपल्या हातून कांहींच नीट होत नाहीं असें वाटणें. संघटना तिला रोग म्हणत नाहीं. कामाचा ताण दीर्घकाळ राहून त्याची नीट व्यवस्था न झाल्याचा हा परिणाम होय, असें ती म्हणते. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, ही स्थिति आळशी मनुष्यास सहसा येत नाहीं. जो मनापासून राबतो, त्यासच तिचें भय अधिक.

पवित्र शास्त्राच्या वाचकांस ही स्थिति नवी नाहीं. कर्मेल डोंगरावर एलीयाला केवढा जय मिळाला! परंतु लगेच ईजबेलीची धमकी येतांच तो जीव घेऊन पळाला. बैरशेबा येथें त्यानें आपल्या चाकरास मागें ठेविलें, एकटाच रानांत गेला आणि रतामाच्या झुडुपाखालीं बसून त्यानें मरण मागितलें. तेव्हां देवानें काय केलें? त्यानें त्याचा निषेध केला नाहीं, उपदेशहि केला नाहीं. त्याला निजूं दिलें. देवदूतानें त्याला स्पर्श करून उठविलें, भाजलेली भाकर व पाणी दिलें, पुन्हां निजूं दिलें, आणि पुन्हां जेवूं घातलें. तूं येथें काय करितोस, हा प्रश्न देवानें त्याला विचारला खरा. पण तो चाळीस दिवसांनंतर, होरेब डोंगरावर. ज्यानें शरीर घडविलें, त्यानें आत्म्याशीं बोलण्यापूर्वीं शरीराची विचारपूस केली. मग झोपेला आणि भाकरीला अध्यात्माच्या बाहेरच्या गोष्टी म्हणणारे आपण कोण?

होरेबावर एलीयाची खरी व्यथा बाहेर आली. मी एकटाच उरलों आहें, असें तो म्हणाला. देवानें त्याला दोन गोष्टी दिल्या: बालापुढें गुडघा न टेकलेले सात हजार लोक उरले आहेत ही खबर, आणि अलीशा हा सोबती. थकलेल्या सेवकाच्या मनांतील सर्वांत मोठी चूक हीच असते कीं, सर्व भार माझ्यावर आहे. ती नम्रतेचा वेष घेते. पण तिच्या पोटांत एक सूक्ष्म अभिमान असतो. विसावा घेणें म्हणजे हें काम माझें नसून प्रभूचें आहे, अशी कृतीनें दिलेली कबुली होय.

येथें कोणी म्हणेल, मग हेन्री मार्टिन ह्यांचें काय? ते १८०६ सालीं कलकत्त्यास आले. नव्या कराराचें भाषांतर त्यांनीं उर्दूंत व फारसींत केलें, आणि प्रकृति ढासळलेली असतां मायदेशीं जातांना १८१२ सालीं तोकात येथें एकतिसाव्या वर्षीं ते वारले. देवासाठीं जळून जाण्याची इच्छा त्यांनीं आपल्या रोजनिशींत लिहून ठेविली आहे. अशा पुरुषाचा न्याय करण्याची आमची योग्यता नाहीं. प्रीतीसाठीं प्राण देण्याची वेळ आली तर तो द्यावा, हें क्रूसाखालीं उभे राहणारे आपण नाकारूं शकत नाहीं. परंतु प्राण देणें वेगळें आणि निष्काळजीपणें तो गमावणें वेगळें. दिव्यांत तेल जळावें; तेल संपलें म्हणजे वात जळूं लागते, उजेड कमी होतो आणि धूर वाढतो. तो धूर सेवकाच्या बायकामुलांस आधीं लागतो, मग मंडळीस.

आपला प्रभु तारवांत निजला होता, तेंहि वादळांत. शिष्यांस जेवावयासहि सवड मिळेना, तेव्हां त्यानें त्यांस एकांतीं नेलें. लोकांनीं तेथेंहि त्यांस गांठलें, आणि प्रभूनें त्यांचा कळवळा येऊन त्यांस शिकविलें व जेवूं घातलें, हें खरें. पण त्याच संध्याकाळीं त्यानें जमावास निरोप दिला आणि तो प्रार्थना करावयास एकटा डोंगरावर गेला. विसावा मोडला तर तो सोडून द्यावयाचा नसतो. तो पुन्हां शोधावयाचा असतो.

म्हणून सेवकांस आमची विनंती आहे कीं, रविवार हा ज्याच्या कामाचा दिवस, त्यानें आठवड्यांतील दुसरा एक दिवस विसाव्यासाठीं ठरवावा व तो मंडळीस सांगावा. झोप व जेवण ह्यांची वेळ पाळावी. ज्यापाशीं मन मोकळें करतां येईल असा एक सोबती असावा. उदासपणा दोन आठवडे हटला नाहीं, किंवा एलीयाप्रमाणें मरण मागावेंसें वाटलें, तर क्षणभरहि न लाजतां जवळच्या माणसास सांगावें व डॉक्टराकडे जावें. औषध घेणें हा अविश्वास नव्हे.

आणि पंचमंडळीस व सर्व सभासदांसहि सांगणें आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करीत बसलेल्या मोशेला इथ्रोनें पाहिलें, तेव्हां त्यानें त्याची स्तुति केली नाहीं. तूंहि थकशील आणि हे लोकहि थकतील, असा त्यास इशारा दिला, आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर नायक नेमावयास लाविले. आपल्या मंडळींत आजाऱ्यांस भेटणें, तंटे मिटविणें, कचेरींतले खेटे घालणें हें पाळकावांचून कोणासच येत नाहीं काय? आपण पाळकाच्या मयताच्या दिवशीं तो किती झिजला हें सांगतों. त्याऐवजीं येत्या सोमवारीं त्याच्या दारीं जाऊन, पाळकबुवा, आज मयताच्या घरीं आम्ही जातों, तुम्ही निजा, असें म्हटलें तर? देवदूतानें एलीयाच्या उशाशीं भाकर ठेविली. आपल्या गांवांत तें काम देवानें आपणांकडे सोंपविलें आहे.