संगीत मोक्षाचे साधन होऊ शकते काय?

संगीत इंद्रियांना सुखावते आणि बहुतेक मोक्षमार्ग इंद्रियसुखापासून सावध राहायला सांगतात. तरीही भजन, कीर्तन आणि नामघोष यांच्याविना भक्तीचा विचारच होऊ शकत नाही. गाणे साधकाला पुढे नेते की स्वतःतच गुंतवून ठेवते, हा वाद यातूनच जन्मतो. संगीतावर घेतले जाणारे आक्षेप मुख्यतः तीन आहेत. पहिला आसक्तीचा: सुराची गोडी हीच नवी बेडी होते. दुसरा पोटाचा आणि प्रतिष्ठेचा: गाणारा देवासाठी गातो की बिदागीसाठी, हे ठरवणे अवघड असते. तिसरा नश्वरतेचा: जो नाद क्षणात विरतो, त्याने शाश्वताची प्राप्ती कशी व्हावी? वऱ्हाडातील संतसाहित्यात आणि जपानच्या अभिजात साहित्यात या तिन्ही आक्षेपांचा स्वतंत्रपणे विचार झालेला आहे. दोन्ही एकत्र वाचले की प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

आसक्तीचा आक्षेप बौद्ध आचारात सर्वांत ठळक दिसतो. श्रामणेराच्या, म्हणजे नवदीक्षित भिक्षूच्या, दहा शीलांत नृत्य, गीत आणि वाद्य यांपासून दूर राहण्याचे व्रत आहे. उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणारे उपासकही ते घेतात. याज्ञवल्क्यस्मृतीची भूमिका याच्या उलट आहे. वीणावादनाचे मर्म, श्रुती, जाती आणि ताल जाणणारा फारसे सायास न पडता मोक्षमार्गाला लागतो, असे ती सांगते. या दोन टोकांमधला सांधा तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने जुळवला. 'संगीतरत्नाकर' या त्याच्या सात अध्यायांच्या ग्रंथात नादाचे दोन प्रकार येतात. अनाहत नाद योग्यांचा. तो मुक्ती देतो, पण त्यात रंजन नाही. आहत नाद, म्हणजे कंठातून वा वाद्यातून निघणारा, लोकांचे रंजन करतो आणि भवबंधही तोडतो. योग्यासाठी एक वाट आणि संसारी माणसासाठी दुसरी, अशी ही मांडणी आहे.

योगी आणि संसारी यांचा असाच सामना अकोटच्या परिसरात घडल्याचे दासगणू महाराजांच्या 'श्रीगजाननविजय' या ओवीबद्ध ग्रंथात वर्णिले आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या अकोटजवळच्या अरण्यात शेगावचे गजानन महाराज नरसिंग महाराजांना भेटायला जातात. नरसिंग महाराज हे कोतशा अल्लींचे शिष्य. गजानन महाराजांनी योगमार्ग धरलेला, तर नरसिंग महाराज प्रपंचात राहून ईश्वराला ओळखलेले. दोघांचा संवाद बंधुभावाचा आहे. एकाने दुसऱ्याची वाट चुकीची ठरवलेली नाही. हा संवाद संगीतावर नाही, पण त्याचे तत्त्व नादाला लागू पडते. साधन कोणते यापेक्षा साधकाची भूमिका कोणती, यावर त्याचा भर आहे. याच ग्रंथात गजानन महाराज योगी असूनही अखंड नामोच्चार करतात आणि एकच पद निरनिराळ्या रागांत गातात. आहत आणि अनाहत यांची काटेकोर विभागणी प्रत्यक्ष संतचरित्रात टिकत नाही, हे त्यावरून दिसते.

जपानमध्ये आसक्तीचा आक्षेप कामो नो चोमेई (११५५–१२१६) याने स्वतःवरच लावून पाहिला. संसार सोडून तो डोंगरातल्या जेमतेम तीन मीटर लांबी-रुंदीच्या झोपडीत राहिला. १२१२ मधल्या 'होजोकी' या त्याच्या निबंधात झोपडीचे वर्णन आहे: अमिताभ बुद्धाचे चित्र, धर्मग्रंथातील उतारे आणि जवळच कोतो व बिवा ही दोन तंतुवाद्ये. आपण कोणाला ऐकवण्यासाठी वाजवत नाही, केवळ स्वतःच्या मनासाठी वाजवतो, असे तो म्हणतो. श्रोता नसला की प्रतिष्ठेचा मोह गळतो, पण गोडीचा मोह उरतोच. निबंधाच्या अखेरीस झोपडीवरचे आणि शांततेवरचे आपले प्रेम हीसुद्धा आसक्तीच नव्हे काय, असे तो स्वतःला विचारतो. मनाकडून उत्तर मिळत नाही. तो दोन-तीनदा बुद्धनाम घेतो आणि थांबतो.

वऱ्हाडात जोर दुसऱ्या आक्षेपावर आहे. 'श्रीगजाननविजय'मध्ये शेगावच्या महादेव मंदिरात गोविंदबुवा टाकळीकरांचे कीर्तन चालू असते. पूर्वरंगातील श्लोकाचा उरलेला अर्धा भाग बाहेर बसलेले गजानन महाराज पुरा करतात. पुढे ते बुवांना बजावतात की जे सांगावे तसे वागावे आणि साधकाने पोटभरू कीर्तनकार होऊ नये. येथे आक्षेप गाण्यावर नाही, विद्वत्तेवरही नाही. शब्द आणि आचार यांत पडलेल्या अंतरावर आहे. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) हा निकष प्रत्यक्ष आचरणात आणला. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात जन्मलेल्या या कीर्तनकाराने आधी गाव झाडले आणि मग कीर्तन केले. श्रोत्यांना प्रश्न विचारत, वऱ्हाडी बोलीत त्यांनी कर्ज, दारू, पशुबळी आणि अस्पृश्यता यांवर प्रहार केला. जपानमधल्या बिवाहोशींचे उदाहरण येथे वेगळी बाजू दाखवते. हे अंध कथेकरी बिवा वाजवत 'हेइके मोनोगातारी'ची युद्धकथा गात आणि त्यावरच जगत. कलेतून पोट भरणे आणि ऐश्वर्याची अनित्यता लोकांना पटवणे, ही दोन्ही कामे त्यांच्या गायनात एकत्र होती. म्हणजे उपजीविका स्वतःहून दोष ठरत नाही. उपदेश उपजीविकेचा गुलाम झाला की दोष उत्पन्न होतो.

तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर सम्राट गो-शिराकावा (११२७–११९२) याच्या लेखनात सापडते. 'इमायो' नावाची लोकप्रिय गीते तो तरुणपणापासून घसा दुखावेपर्यंत गात असे. ती त्याने 'र्योजिन हिशो' या संग्रहात जमवली. कवी आणि सुलेखनकार यांची कृती मागे उरते, गायकाचा आवाज मात्र त्याच्याबरोबर जातो, याची खंत त्याने नोंदवली. तरी अशी गीतेही मनःपूर्वक गाइली तर ती बुद्धाच्या शुद्धभूमीकडे नेऊ शकतात, असा त्याचा विश्वास होता. नाद विरतो म्हणून निरुपयोगी ठरत नाही. गाणाऱ्याच्या मनात त्याने घडवलेला बदल महत्त्वाचा.

वऱ्हाडातील समांतर उदाहरण महानुभाव पंथातील कवयित्री महदाइसेच्या 'धवळ्यां'चे आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपूर येथे पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नविधीच्या निमित्ताने तिने ही विवाहगीते गाइली. विषय रुक्मिणीस्वयंवराचा; रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे कौंडण्यपूरही अमरावती जिल्ह्यातच आहे. स्त्रियांच्या लग्नगीताचा घरगुती प्रकार येथे उपासनेचे रूप घेतो. महानुभावांच्या पोथ्यांनी शब्द जपले, पण पहिल्यांदा गाताना चाल कोणती होती, हे शब्दांवरून सिद्ध होत नाही. प्राचीन साहित्यातील संगीताचा अभ्यास करणाऱ्याने ही मर्यादा नेहमी लक्षात घ्यावी लागते. ग्रंथ संगीताचे मोल काय मानले गेले ते सांगतो. ते कसे ऐकू येत होते, हे क्वचितच सांगतो. चोमेईचा बिवा असो वा शेगावचे पद, पुरावा श्रद्धेचा मिळतो, स्वरलिपीचा नाही.

विसाव्या शतकात तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) प्रश्नाची चौकटच रुंदावली. खंजिरीवर भजन गाणाऱ्या या संताने मोझरीच्या गुरुकुंजातून सामुदायिक प्रार्थनेचा प्रसार केला. गाव उभे करण्याचा विचार मांडणाऱ्या 'ग्रामगीते'त प्रार्थना आणि भजन यांनाही त्यांनी स्थान दिले. १९५५ मध्ये ते जपानमधील विश्वधर्म परिषदेला गेले आणि तेथेही त्यांची खंजिरी वाजली. त्यांच्या दृष्टीने भजनाचे फळ एकट्याच्या मुक्तीत मोजायचे नाही. माणसे एकत्र बसली, भेद विसरली आणि गावाच्या कामाला लागली की ते मिळाले.

दोन्ही परंपरांची उत्तरे ताडून पाहता भर वेगवेगळा दिसतो. जपानी एकांतवासी स्वतःच्या मनाची झडती घेतो, तर वऱ्हाडी संत गाणाऱ्याचे वर्तन आणि लोकांवरचा परिणाम तपासतो. एका मुद्द्यावर मात्र दोघांचे एकमत आहे: मोक्षदायी किंवा बंधनकारक असा गुण स्वरात नसतो. तो गाणाऱ्याच्या हेतूत आणि गाण्यानंतरच्या त्याच्या वागण्यात असतो. त्यामुळे संगीत मोक्षाचे साधन होऊ शकते, पण केवळ संगीत आहे म्हणून होत नाही.