पेटी, मूग आणि होसान्ना

उपासनेत कोणते वाद्य शोभते, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांत वरचेवर निघतो. सध्या तो विजेच्या कीबोर्डवरून निघतो. एका जर्मन वाद्यवृंदाची कथा येथे उद्बोधक ठरावी.

फ्लोरियान फ्रिके यांनी १९६९ च्या सुमारास म्युनिकमध्ये मित्रांसह ‘पोपोल वू’ हा गट स्थापन केला. नाव घेतले ते ग्वाटेमालातील माया लोकांच्या ग्रंथाचे. रॉक संगीताच्या रूढ वाटा सोडून जर्मन तरुण तेव्हा अनोखे ध्वनी शोधीत होते. फ्रिकेंजवळ मूग सिंथेसायझर होता : कपाटाएवढे, विजेतून स्वर घडविणारे महागडे यंत्र. १९७० ची पहिली ध्वनिमुद्रिका त्यावरच उभी राहिली. पण १९७२ च्या ‘होसियाना मंत्र’मध्ये मूग नाही. पियानो, ओबो, व्हायोलिन, गिटार, तंबोरा आणि कोरियन गायिका जाँग युन यांचा निर्मळ कंठ असा मेळ त्यात आहे. हिब्रू होसान्ना आणि संस्कृत मंत्र यांना एका नावात गुंफण्याचे धाडस मला आवडते. मूग पुढे क्लाउस शुल्झे यांच्याकडे गेला.

यंत्र अपवित्र म्हणून त्यांनी ते दूर केले, असा अर्थ काढणे मला पटत नाही. त्याच वर्षीच्या वेर्नर हेर्झोग यांच्या ‘आगिरे’ चित्रपटात धुक्यातून डोंगर उतरणाऱ्या सैनिकांमागे त्यांचेच संगीत आहे. तो वृंदगायनाचा भास फितीवरील आवाज वाजविणाऱ्या वाद्याचा. तरी ऐकणारा अंतर्मुख होतो.

आपली पेटी तरी कोठली? युरोपातून आलेली. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती नेमक्या लागत नाहीत, म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिच्यावर बंदी घातली. शास्त्रदृष्ट्या आक्षेप खोटा नव्हता. परंतु देवळा परिसरातील भजनी मंडळींना पेटीवाचून सूर सापडत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही १९६३ मध्ये पाइप ऑर्गनचा गौरव करून, पवित्र कार्यास अनुरूप अशा इतर वाद्यांना दार उघडे ठेवले.

संत इग्नेशियस वस्तूला एकच कसोटी लावतात : ध्येयाकडे नेते तितकी घ्यावी, आड येते तितकी सोडावी. फ्रिकेंनी मूग सोडला तो मला या कसोटीवर समजतो.

कीबोर्डमध्ये मात्र तयार ताल भरलेले असतात. कळ दाबली की ढोलकी आपोआप वाजते आणि ढोलकी वाजविणारा मुलगा मागच्या बाकावर जाऊन बसतो. माझी हरकत स्वरांना नाही, त्या मुलाच्या रिकाम्या हातांना आहे.