दुसरी शस्त्रक्रिया : एक नैतिक विचार

मराठी भाषेने माणसाची अब्रू नेऊन नाकावर ठेवली आहे. घराण्याचे नाक कापले जाते, गावात नाक राखावे लागते, शेजाऱ्याकडे पाहून नाक मुरडले जाते. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने येतात आणि विवाहविषयक जाहिरातीतील वधू हटकून ‘नाकीडोळी नीटस’ असते. नाशिक या नावाचा संबंधही लोकपरंपरेने शूर्पणखेच्या कापलेल्या नासिकेशी लावला आहे. अशा भाषेत लहानाची मोठी झालेली मुलगी आरशासमोर उभी राहून नाकाची चिंता करू लागली, तर तिला नटवी ठरवून मोकळे होणे आपल्याला शोभत नाही. चिंतेची बीजे आपणच पेरली आहेत.

नाकाचा आकार बदलून घेणे योग्य की अयोग्य, यावर आजवर पुष्कळ चर्चा झाली आहे. परंतु शस्त्रक्रिया होऊन गेली, ती मनासारखी झाली नाही, नाक पूर्वीपेक्षा बिघडले असे वाटू लागले, तर पुढे काय करावे? या प्रश्नापाशी आले की नीतीचे उपदेशक गप्प होतात आणि नातेवाईक बोलू लागतात.

समजा, भंडारा जिल्ह्यात साकोलीकडे राहणारी एक तरुणी आहे. शिकलेली, नोकरी करणारी. नाकाचा बाक तिला लहानपणापासून सलत होता. स्वतःच्या बचतीत वडिलांनी धान विकून आलेल्या पैशांची भर घातली आणि तिने नागपुरात शस्त्रक्रिया करून घेतली. सात-आठ महिने झाले. बाक गेला, पण नाकाचा शेंडा चिमटल्यासारखा दिसतो, मधला भाग खचल्यासारखा वाटतो आणि रात्री एक नाकपुडी बंद होते. तिला पुन्हा शस्त्रक्रिया करावी असे वाटते. आई म्हणते, देवाने दिलेले बदललेस, आता भोग. वडील काही बोलत नाहीत. ते बांधीकडे पाहतात. ही तरुणी काल्पनिक आहे, पण तिची आई आपणा सर्वांच्या ओळखीची आहे.

हा पेच आधुनिक वाटला, तरी नाकाच्या शस्त्रक्रियेचा आधुनिक इतिहास आपल्या महाराष्ट्रातूनच जगापुढे गेला. १७९२च्या युद्धात इंग्रज फौजेसाठी बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गडी टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळ विटा घडविणाऱ्या समाजातील एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये याचे वर्णन प्रसिद्ध झाले, ते वाचून युरोपातील शल्यविशारद चकित झाले आणि १८१४ साली जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये त्याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली. मूळ विद्या अर्थातच फार जुनी. सुश्रुतसंहितेत नाक पुन्हा जोडण्याचा विधी आहेच.

त्या वर्णनातील दोन तपशील आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मोलाचे आहेत. पहिला असा की, कारागीर प्रथम मेणाचा पातळ पत्रा घेऊन नाकाच्या जागी बसवून पाहत असे. आकार चांगला जमला की तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ आखायची आणि तेवढी कातडी दोन्ही डोळ्यांच्या मधली एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवून सोडवायची व खाली वळवून आणायची. चिकटविण्यासाठी पाण्यात भिजवलेला काथ आणि चार दिवसांनंतर तुपात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या! दुसरा तपशील असा की, सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापली जाई आणि त्याच वेळी नाक अधिक चांगले दिसावे म्हणून आणखी थोडी काटछाट करावी लागे. म्हणजे पहिल्यांदा केलेल्या नाकाला दुसऱ्यांदा हात लावणे हा त्या विद्येचाच भाग होता. त्यात कोणाला हाव दिसली नाही, कृतघ्नताही दिसली नाही. कावसजीने चांगले दिसावे असे कारागिराला वाटले, इतकेच.

तेव्हा दुसरी शस्त्रक्रिया मुळातच निषिद्ध, असे म्हणता येत नाही. मात्र कावसजीचे नाक कसे हवे, हे मेणाच्या पत्र्यावर सर्वांच्या डोळ्यांदेखत ठरले होते. आपल्या तरुणीचा पत्रा तिच्या मनात आहे आणि मनातले मेण उन्हाने वितळते.

वैद्यकशास्त्र याविषयी काय सांगते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण वस्तुस्थितीकडे पाठ फिरवून नैतिक निर्णय होत नसतो. शस्त्रक्रियेनंतर नाकाची सूज, विशेषतः शेंड्याची, हळूहळू उतरते. तिला वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणूनच दुसऱ्या शस्त्रक्रियेपूर्वी निदान एक वर्ष थांबावे असे शल्यविशारद सामान्यतः सांगतात. शंभरातील सुमारे पाच ते पंधरा रुग्णांना पुढे दुरुस्तीची गरज भासते, असा अंदाज वैद्यकीय साहित्यात दिला जातो. आणि दुरुस्ती ही पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा अवघड असते. आतील पेशी व्रणाने घट्ट झालेल्या असतात, कातडीचा रक्तपुरवठा कमी झालेला असू शकतो. नाकाच्या पडद्यातील कूर्चा, म्हणजे लवचीक हाड, पहिल्या वेळी वापरली गेली असेल तर कानातून किंवा बरगडीतून घ्यावी लागते. भंडाऱ्याच्या पितळी भांड्याला पोचा पडला तर कारागीर तो ठोकून काढतो आणि पितळ त्याची आठवण ठेवत नाही. शरीर आठवण ठेवते.

आता आईच्या आक्षेपाकडे वळू. देवाच्या निर्मितीत ढवळाढवळ करू नये, हा विचार ख्रिस्ती परंपरेत जुना आहे. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी रंग आणि प्रसाधने यांवर कडक टीका केली, ती याच कारणासाठी. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुमा थिऑलॉजिका’ या ग्रंथात नेमका हाच आक्षेप विचारार्थ घेतला आणि एक भेद केला: नसलेल्या सौंदर्याचे सोंग आणणे वेगळे आणि आजार किंवा तत्सम कारणाने आलेली विद्रूपता झाकणे वेगळे, हे दुसरे त्यांनी योग्य ठरविले. फसलेल्या शस्त्रक्रियेने आलेले व्यंग ‘तत्सम कारणा’त बसते, असे मला वाटते. ती शस्त्रक्रिया तरुणीने स्वतःच मागून घेतली होती, हे खरे. पण दारू पिऊन पडलेल्याचे मोडलेले हाडही आपण बसवतोच. आधी त्याच्या सद्गुणांची चौकशी करत नाही. आणि ‘आता भोग’ या उद्गाराविषयी तर काय बोलावे? जन्मांध माणसाला पाहून पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले तेव्हा प्रभूने तो हिशेबच नाकारला, हे योहानाच्या शुभवर्तमानात आपण ऐकतो आणि घरी येऊन तोच हिशेब मांडतो.

या विषयावर अधिक थेट मार्गदर्शन पोप पायस बारावे यांनी केले आहे. ४ ऑक्टोबर १९५८ रोजी, आपल्या निधनाच्या अवघे पाच दिवस आधी, त्यांनी इटलीतील प्लास्टिक सर्जनांपुढे भाषण केले. शारीरिक सौंदर्य हे चांगलेच आहे, मात्र ते सर्वोच्च नव्हे, असे सांगून त्यांनी अशा शस्त्रक्रियेसाठी अटी घातल्या: हेतू सरळ असावा, प्रकृतीला मोठा धोका नसावा आणि कारण त्या असामान्य उपायाच्या तोलाचे असावे.

यातील ‘तोल’ हा शब्द दुसऱ्या शस्त्रक्रियेला लावून पाहिला की एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. दुसऱ्या वेळी धोका वाढलेला असतो आणि परिणामाची खात्री कमी झालेली असते. म्हणून पहिल्या वेळी जे कारण पुरेसे होते, तेच कारण दुसऱ्या वेळी पुरेसे ठरेलच असे नाही. कारणही तितकेच वाढलेले हवे. आपल्या तरुणीच्या बाबतीत एक कारण निःसंशय वाढले आहे: तिला श्वास घेता येत नाही. शस्त्रक्रियेत आधार गेलेल्या नाकाची आतील वाट अरुंद होऊ शकते आणि ती मोकळी करणे हा सरळ उपचार आहे. त्यासाठी तिने कोणापुढेही मान खाली घालण्याचे कारण नाही. शेंडा चिमटलेला दिसतो, ही तक्रार वेगळी तोलली पाहिजे. आणि ‘एवढा खर्च केला, आता आणखी थोडा’ हे तर कारणच नव्हे. गेलेला पैसा पुढच्या पैशाची शिफारस करू शकत नाही.

येथे एका आजाराचा उल्लेख करणे भाग आहे. १८९१ मध्ये इटालियन मनोविकारतज्ज्ञ एन्रिको मोर्सेली यांनी त्याचे वर्णन केले. इतरांना न दिसणारे किंवा अगदी किरकोळ भासणारे व्यंग रुग्णाला अक्राळविक्राळ वाटते. तो तासन्‌तास आरशापुढे घालवतो, लग्नसमारंभ टाळतो, मिस्सालाही मागच्या दाराने जातो. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेने सहसा समाधान मिळत नाही. तक्रार एका अवयवावरून दुसऱ्यावर सरकते. त्याला मनोविकारतज्ज्ञाची गरज असते आणि औषधांनी व समुपदेशनाने गुण येतो. मात्र असमाधानी असलेल्या प्रत्येकाला हा आजार आहे असे समजणे हा अन्याय होईल. शल्यविशारदाच्या बोटाला जो खड्डा लागतो, तो मनाचा खेळ नसतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती वैद्यकाच्या पुस्तकात क्वचितच आढळते. अशा रुग्णाच्या ओठावर पुष्कळदा एकच मागणी येते: मला पहिल्यासारखे करून द्या. ज्या बाकाचा तिला इतकी वर्षे राग होता, तो कदाचित तिच्या आजीचा होता, आत्याचा होता. घरातील जुन्या छायाचित्रांतून तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. आता आईजवळ ती उभी राहिली की अनोळखी माणसाला दोघी मायलेकी वाटत नाहीत. हे दुःख खरे आहे आणि दुसरी शस्त्रक्रिया त्यावर इलाज नव्हे. शल्यविशारद आधार देऊ शकेल, वाट मोकळी करू शकेल, कदाचित शेंडाही नीट करील; आजीचे नाक तो परत आणू शकत नाही. ते गेले, याचा शोक आधी करावा लागतो. तो न करता दुसऱ्या शस्त्रक्रियेला गेलेली व्यक्ती तिसरीचा विचार मनात घेऊनच परत येते, अशी मला भीती वाटते. आईच्या संतापातही हाच शोक दडलेला असेल का? तिचे स्वतःचे नाकही त्याच वळणाचे असेल, तर मुलीने आपल्यालाच नाकारले असे तिला वाटले नसेल कशावरून? मायलेकींनी हे एकदा बोलून टाकले तर बरे होईल. शस्त्रक्रियेची चर्चा त्यानंतर सोपी जाईल.

राहता राहिले वडील. त्यांच्या मौनाचा अर्थ पैसा हाच आहे आणि तो क्षुद्र नाही. धानाच्या एका हंगामावर घर चालते तेथे श्वासासाठी कर्ज काढणे आणि शेंड्यासाठी कर्ज काढणे यांत फरक करावाच लागतो. श्वासाच्या तक्रारीसाठी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नाक-कान-घसा विभागात तपासणी होऊ शकते, आणि ती आताच करून घ्यावी. वर्ष पुरे होण्याची वाट तपासणीसाठी पाहण्याचे कारण नाही. आकाराविषयी मात्र तिने थांबावे. वर्ष संपल्यावर शस्त्रक्रियेपूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे घेऊन दुसऱ्या शल्यविशारदाला भेटावे आणि ‘तुम्ही काय कराल’ यापेक्षा ‘तुमच्याकडून काय होणार नाही’ हे आधी विचारावे. दोष त्यालाही दिसला, धोका त्याने स्पष्ट सांगितला, खर्च कर्जाविना झेपला आणि तरीही तिची इच्छा कायम राहिली, तर तिने जावे. सोयरिकीच्या बैठकीत बसणाऱ्यांची परवानगी तिला लागत नाही.

जाताना पहिल्या शस्त्रक्रियेची लेखी नोंद सोबत हवी. कोणती कूर्चा काढली, किती उरली, हे त्या नोंदीवरून पुढच्या डॉक्टरांना कळते. २००२च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत हे कागद द्यावे लागतात. अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.