कोठाराशेजारचे घर

पुढारी कसा असावा, याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्याहूनही अधिक बोलले गेले आहे. तो निःस्पृह असावा, निर्भय असावा, गरिबांविषयी त्याच्या पोटात कळवळा असावा, हे आम्ही मास्तर लोक मुलांकडून निबंधातही लिहवून घेतो. परंतु पुढाऱ्याच्या मागे चालणारा माणूस कसा असावा, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. जणू मागे चालणे ही काही कृतीच नव्हे; ती वाऱ्याने पान उडावे तशी आपोआप घडणारी गोष्ट आहे! मला हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अधिक अवघड वाटतो. आणि तो मला एखाद्या ग्रंथाने नव्हे, तर आमच्या गावाच्या शिवाराने विचारायला लावला आहे.

आमचे इनामगाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी आहे. बाहेरच्या विद्वानांना ते ठाऊक आहे ते येथील पांढरीच्या टेकाडामुळे. १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने येथे उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी अशा मोठ्या संशोधकांचे हात या मातीला लागले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात येथे शेतकऱ्यांची वस्ती होती, हे त्यांनी दाखवून दिले. त्या वस्तीत एक घर इतरांपेक्षा मोठे, पाच खोल्यांचे निघाले. शेजारी धान्याचे कोठार होते. नदीचे पाणी शेताकडे वळविण्यासाठी खणलेला पाटही सापडला, आणि त्याला लागून बांधही. मोठे घर आणि शेजारी कोठार, यावरून संशोधकांनी अनुमान केले, की हे गावच्या मुखियाचे घर असावे.

मला या अनुमानात फार मोठा अर्थ दिसतो. कोठाराशेजारी राहणारा माणूस दोन प्रकारचा असू शकतो. सर्वांचे धान्य राखावे, दुष्काळात ते मापून वाटावे, म्हणून जो तेथे राहतो, तो राखणदार. आणि कोठार हाताशी आहे म्हणून ज्याचे घर पाच खोल्यांचे होते, तो मालक. गंमत अशी, की तीन हजार वर्षांनंतर नुसत्या भिंतींवरून या दोघांतला फरक कोणालाही सांगता यायचा नाही. घर तेच, कोठार तेच. फरक होता तो गावच्या लोकांच्या वागण्यात : कोठारात किती धान्य आहे, हे विचारण्याची त्यांची प्राज्ञा होती की नव्हती, एवढ्यात.

आता आजच्या शिवाराकडे वळतो. दिवाळी आटोपते न आटोपते तोच बीडकडून, अहिल्यानगरकडून ऊसतोडीची बिऱ्हाडे आमच्या भागात उतरू लागतात. गावाबाहेर कोप्या उभ्या राहतात. पहाटेच्या अंधारात फडात कोयते चालू होतात, आणि दिवस मावळल्यानंतरही मोळ्या वाहणे थांबत नाही. या धंद्यात नवरा आणि बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती पाच-सहा महिने ऊस तोडून फेडायची, अशी रीत आहे. एखादा दिवस बुडाला, तर खाडा. कारखाना म्हणतो, ही माणसे मुकादमाची. मुकादम म्हणतो, पैसा कारखान्याचा, मी आपला मधला माणूस. अशा रीतीने ज्याच्या घामावर सारा हंगाम उभा, त्याला धनीच नाही!

त्याला संघटना मात्र आहेत. तोडणीचा दर साखर संघ आणि या संघटना यांच्यातल्या करारातून ठरतो. कोयता बंदची हाक दिली जाते, मग मोठी माणसे एकत्र बसतात आणि आकडा बाहेर येतो. जानेवारी २०२४ मध्ये असाच ३४ टक्के वाढीचा करार झाला. ही वाढ काही लहान नव्हे, आणि ती मिळवून देणाऱ्यांचे श्रेय नाकारण्याचे मला कारण नाही. गोपीनाथ मुंडे यांनी या माणसांचे दुःख राज्याच्या राजकारणाला दखल घ्यायला लावले. त्यांच्या नावाने आज ऊसतोड कामगारांसाठी महामंडळही आहे. परंतु त्या बैठकीच्या खोलीत कोण बसले होते, हे पाहिले म्हणजे मन विचारात पडते. कोयता तेथे नसतो. कोयत्यातली बाई तर नसतेच नसते. मुकादमाचे कमिशन मात्र त्याच वाटाघाटीत ठरते, आणि पुष्कळदा कामगाराच्या वतीने गावपातळीवर बोलणाराही मुकादमच असतो. ज्याने कर्ज दिले, त्यानेच कर्जदाराची बाजू मांडायची!

बाई खोलीत नसली म्हणजे काय होते, याचे उत्तर २०१९ साली मिळाले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. इतक्या वर्षांत टनाचा दर पैशापैशाने घासून ठरविला गेला. परंतु खाड्याच्या धास्तीने बाईच्या देहाचे काय होते, हा प्रश्न दराच्या कागदावर कधी मावला नाही. पुढारी दुष्ट होते म्हणून असे झाले, असे मी म्हणत नाही. ज्याला जे दुखते ते त्यालाच प्रथम कळते, आणि तो बोलला नाही तर इतरांना ते कळण्याचा मार्गच राहत नाही.

यावर कोणी म्हणेल, की बाहेरचा पुढारी हवाच कशाला? कामगारांचा पुढारी कामगारांतूनच यावा. हे बोलणे ऐकायला गोड आहे. पण चौदा तास मोळ्या वाहणाऱ्याने कायदा केव्हा वाचावा, आणि मुंबई-पुण्याच्या बैठकींना कोणत्या दिवशी जावे? बाहेरच्या माणसाने पुढे येणे हा अन्याय नव्हे. कित्येकदा ते उपकारच असतात. नारायण मेघाजी लोखंडे हे गिरणीत यंत्रावरचे कामगार नव्हते, भांडारपाल होते. १८८४ साली त्यांनी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभारली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. आठवड्याची एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, अशा साध्या मागण्या होत्या. १८९० साली रविवारची सुटी मिळाली. आज रविवारी उशिरा उठणाऱ्या आपणा सर्वांना ते नाव ठाऊक असायला हवे. पण मला लोखंड्यांइतकेच त्या साडेपाच हजारांचे नवल वाटते. नोकरी जाण्याची भीती असताना कागदावर नाव किंवा अंगठा उठविणे ही मागे चालणाऱ्याची कृती होती.

तेव्हा पुढारी आतला की बाहेरचा, हे माप खरे नव्हे. खरे माप दुसरेच असले पाहिजे. १९२८ साली मुंबईत गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला. सुमारे दीड लाख माणसे त्यात उतरली होती. त्या संपातूनच गिरणी कामगार युनियन उभी राहिली. श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे शिकलेले पुढारी तीत होते, आणि अध्यक्षस्थानी अर्जुन आळवे हे स्वतः गिरणी कामगार होते. त्या युनियनची खरी ताकद गिरणीगणिक नेमलेल्या गिरणी समित्यांत होती. त्यापूर्वी कामगाराला कामावर लावणारा, अडीनडीला उसने देणारा आणि साहेबापुढे त्याची रदबदली करणारा माणूस एकच असे, तो म्हणजे जॉबर. आमच्याकडच्या मुकादमाचा थोरला भाऊच म्हणा ना! गिरणी समित्यांनी या जॉबरच्या हातातले बोलण्याचे काम काढून कामगारांच्या हाती आणले. कामगाराच्या बाजूने कोणी बोलावे एवढ्याने भागत नाही. ज्याचे आपण मिंधे आहोत, त्याने आपल्या बाजूने बोलता कामा नये, हे त्यांनी ओळखले होते.

आमच्याच जिल्ह्यातला दाखला याहून बोलका आहे. पुण्यात डॉक्टरी करणारे बाबा आढाव १९५० नंतरच्या दशकात हमालांमध्ये काम करू लागले आणि हमाल पंचायत उभी राहिली. पाठीवर पोते वाहणाऱ्यालाही धनी नव्हता. तो आज या आडतीवर, उद्या त्या. पुढे १९६९ साली माथाडी कायदा झाला. मंडळाकडे कामगाराचीही नोंद आणि मालकाचीही नोंद, मजुरीचा भरणा मंडळात, अशी व्यवस्था आली. आणि १९७४ साली हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त जेवणाचे केंद्र काढले. ज्याच्या हाती उद्या भाकरीचा हिशेब द्यायचा आहे, तो आजच हिशेब शिकतो. पुढाऱ्याचे भाषण विरून जाते; चालवायला घेतलेली खानावळ मात्र रोज सकाळी विचारते, की आज पीठ कोणी आणायचे?

याच्या उलट बाजूला १९८२ चा गिरणी संप उभा आहे. सुमारे अडीच लाख कामगार स्वतः होऊन डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले. कायद्याने मान्यता होती दुसऱ्याच संघाला, आणि कामगारांचा विश्वास होता तो यांच्यावर. हा पेच काही सामंतांनी निर्माण केलेला नव्हता. कामगार गावोगाव परतले, गावांनी त्यांना पोसले. त्या माणसांच्या निष्ठेला तोड नाही. परंतु सारा भार एका खांद्यावर दिला गेला होता. तो संप रीतसर मागे घेतला गेला, असे कधी झालेच नाही. निष्ठा जितकी अढळ, तितके ‘आता पुरे’ म्हणणे कठीण होऊन बसते. कारण ते म्हणण्याचा अधिकार आपण आधीच दुसऱ्याला देऊन टाकलेला असतो. चांगल्या पुढाऱ्याला आपला सारा निर्णय सोपविणे हा त्याचा सन्मान वाटतो. वास्तविक तो त्याच्यावर केलेला अन्याय आहे. चूक दाखविणारा कोणी नसेल, तर देवमाणूसही एकटा पडतो.

म्हणून मागे चालणाऱ्याची मला तीन कर्तव्ये दिसतात. पहिले, वर्गणी. फुकट मिळालेल्या संघटनेला जाब विचारता येत नाही; स्वतःच्या कमाईतले दहा रुपये दिले, की कोठारात आपलेही माप पडते. दुसरे, प्रश्न. करार झाला, तर तो आम्हाला वाचून दाखवा, एवढे तरी प्रत्येक कोपीने म्हटले पाहिजे. आणि तिसरे, पाळी. आज तू बैठकीला जा, उद्या मी जाईन, परवा आमच्यातली बाई जाईल. ही पाळी सुरू झाली, म्हणजे कोठाराशेजारच्या घरात राहणारा राखणदारच राहतो.

राहता राहिला गाव. गावाला वाटते, हा कारखान्याचा आणि तोडकऱ्यांचा मामला. आपला संबंध काय? लहान शेतकऱ्याची अडचण मला ठाऊक आहे. ऊस वाळत चालला आहे, तोड मिळत नाही, आणि टोळी खुशालीचे पैसे मागते. त्याचा राग खोटा नाही. परंतु उचलीने बांधलेल्या माणसाला पुरेसे मिळत नाही म्हणून तो अडलेल्या शेतकऱ्याकडून घेतो. आणि दोन अडलेली माणसे बांधावर भांडत असतात, तेव्हा ज्यांनी हिशेब द्यायचा ते दोघांपासूनही दूर असतात. तोडकऱ्याची संघटना खरी झाली, तर शेतकऱ्याचेही भांडण योग्य दारापाशी जाईल.

मास्तर म्हणून मला तोडकरी ओळखीचे होतात ते त्यांच्या मुलांमुळे. कित्येक मुले गावाकडच्या हंगामी वसतिगृहात राहतात, तर कित्येक आईबापांबरोबर येतात आणि कोपीत धाकटे भावंड सांभाळतात. अशा एका मुलीला शाळेत पाठवा म्हणून सांगायला गेलो असता तिची आई म्हणाली, “गुरुजी, पाठवते, पण आमचं नाव तुमच्या गावात कुठल्याच वहीत नाही, मग हिचं कसं घालाल?” मुलीचे नाव हजेरीपटावर घालणे अवघड नव्हते. अवघड होता तो तिच्या बोलण्यातला पहिला भाग. पाच महिने जी माणसे आमच्या शिवारात राबतात, त्यांना पाण्याचा नळ कोणता, दवाखान्यात त्यांना विचारते कोण, त्यांची सभा भरायची तर चावडी उघडून देणार कोण? मुकादमाच्या अंगणाखेरीज दुसरी जागाच नसेल, तर सभा मुकादमाचीच होणार. गावाने त्यांचे पुढारीपण करण्याची गरज नाही. बसायला मोकळी जागा आणि करार वाचून दाखविणारा एक साक्षर माणूस, एवढे दिले तरी पुष्कळ झाले.

आमच्या टेकाडातल्या त्या पाटाविषयी एवढेच सांगण्यासारखे आहे, की तो कोणा एकट्याचे काम नव्हे. मुखियाने जागा दाखविली असेल, दिवस नेमला असेल. माती उपसली ती अनेकांनी. पुढे पाऊसमान बिघडले, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास वस्ती उठली. आभाळापुढे मुखियाचे आणि गावाचे काहीच चालले नसेल. आमच्यापुढचे संकट मात्र आभाळातून आलेले नाही. कोठारात किती आहे, हे विचारायला आजही मनाई नाही. विचारणारा तेवढा हवा.