तारीख, तिथी आणि काळ

न्यूझीलंडमधील ऑकलंड आणि अमेरिकेतील लॉस एंजेलिस या विमानतळांतील अंतर सुमारे 10,500 किलोमीटर असून थेट विमानाला ते कापण्यास साधारण 12 तास लागतात. तरीही संध्याकाळी निघालेला प्रवासी त्याच तारखेच्या दुपारी उतरतो, कारण वाटेत 180 अंश रेखांशाजवळची आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडावी लागते. मग त्या प्रवाशाचा काळ मागे गेला, असे म्हणावे काय?

वैशेषिक दर्शनाने काळ हे एक, नित्य आणि सर्वव्यापी द्रव्य मानले असून क्षण, दिवस, मास हे त्याचे भेद ‘उपाधी’मुळे, म्हणजे सूर्यगतीसारख्या बाह्य निमित्तामुळे, भासतात असे सांगितले आहे. तारीख ही तर त्याहूनही दुय्यम, मानवी कराराने ठरलेली उपाधी होय; ती उलटली तरी प्रवाशाच्या वयातून एक क्षणही वजा होत नाही.

एकादशीचे व्रत करणाऱ्यापुढे मात्र प्रश्न खराच उभा राहतो. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातील अंतर 12 अंशांनी वाढण्यास लागणारा काळ. ती पृथ्वीवर सर्वत्र एकाच क्षणी संपते, परंतु व्रताचा दिवस सामान्यतः स्थानिक सूर्योदयावरून ठरतो, आणि या प्रवाशाला एकाच तारखेचे दोन सूर्योदय लाभतात. दुसऱ्या सूर्योदयापूर्वी द्वादशी लागली असेल, तर तारीख तीच असूनही तो पारण्याचा, म्हणजे उपवास सोडण्याचाच, दिवस मानणे शास्त्राच्या आशयाला धरून आहे.