आडवा फुगलेला गणपती

लग्नसराईत उमरखेडच्या आमच्या पत्रिकांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पोफाळीचे एक काका पडद्याकडे बघत म्हणाले, "भाऊ, गणपती असा आडवा काऊन फुगला?"

विंडोज नव्याने टाकलं होतं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसायचा होता. मॉनिटर १९२० बाय १०८०चा. पण ड्रायव्हर नसला की संगणक बिनधोक म्हणून अनेकदा १०२४ बाय ७६८च धरतो. मग ४:३चं चित्र १६:९च्या पडद्यावर ताणलं जातं. अक्षरं पसरट, धुरकट. फाइलमधला गणपती जसाच्या तसा. छापून दाखवला, सुबक!

खरं कळल्यावर खोटं दिसायचं थांबतं का? वेदान्ती इथे दोन भ्रम वेगळे धरतात. दोरी ओळखली की साप जातो. जास्वंदीजवळचा स्फटिक मात्र स्वच्छ आहे हे ठाऊक असूनही तांबडाच दिसतो. फूल हलवावं लागतं. हा सोपाधिक भ्रम. नुसत्या ज्ञानाने सगळं भागतं म्हणणाऱ्या प्रवचनकारांशी म्हणूनच माझं जमत नाही. अर्थात, जीवन्मुक्तालाही जग दिसतंच, तो फक्त फसत नाही, असं हीच परंपरा सांगते.

काका काही जीवन्मुक्त नव्हते. छापील प्रत हातात धरूनही नजर पडद्यावरच. शेवटी ड्रायव्हर टाकला, यादीतलं शिफारशीचं रेझोल्यूशन निवडलं. बदल ठेवायचे का, हे विंडोज १५ सेकंद विचारत राहतं. काका म्हणाले, "ठेवा, अन् दोनशे काढा."